लिहायला बसलं की काहीच का सुचत नाही? : मुलांच्या लेखनातली अडचण आणि वर्गात करता येणारे उपाय



श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन या चार कौशल्यांमध्ये लेखन सगळ्यात शेवटी येतं आणि मूल सगळ्यात जास्त अडकतं तेही तिथेच. तिसरी-चौथीच्या वर्गात फळ्यावर निबंधाचा विषय लिहा आणि पाच मिनिटं नुसतं बघत राहा. चार-पाच मुलं लगेच लिहायला लागतात. काही जण शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. काही जण पेन्सिलीला टोक काढायला कचऱ्याच्या डब्यापाशी जातात आणि तिथेच रमतात. एक-दोघं समास आखतात, शीर्षक लिहितात, त्याखाली दोन रेघा ओढतात, रेघांच्या टोकाला फुलं काढतात. पान मात्र कोरं. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, काही सुचतच नाही."

हे फक्त मुलांचं नाही बरं का. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायची वेळ आली. तेव्हापासून सत्र संपत आलं की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरायला लागतात. वर्षभर ज्या मुलाला रोज पाहिलं त्याच्याबद्दल दोन ओळी लिहिताना आपलाही पेन थांबतो. मग मुलाने 'पावसाळा' या विषयावर गाईडमधलं उतरवून काढलं तर त्याच्यावर किती रागवायचं, हा प्रश्नच आहे.

लिहिताना असं अडकणं मोठमोठ्या लेखकांनाही होतं. इंग्रजीत त्याला 'रायटर्स ब्लॉक' म्हणतात. एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने १९४० च्या दशकात हा शब्द रूढ केला. त्याने सांगितलेली कारणं आज फारशी कुणी धरत नाही, पण शब्द टिकला. लेखकाचं ठीक आहे, तो चार दिवस फिरून येईल, पुन्हा टेबलाशी बसेल. आपल्या वर्गातल्या मुलाकडे चाळीस मिनिटांची तासिका असते. तेवढ्यात काही आलं नाही तर वहीवर 'अपूर्ण' असा शेरा पडतो. असे चार शेरे पडले की मूल स्वतःबद्दल एक मत करून घेतं, "मला निबंध येत नाही." नऊ वर्षांच्या वयात झालेलं हे मत पुढे दहावीपर्यंत पुसलं जात नाही. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आधी बघा, अडलंय कुठे

'सुचत नाही' या दोन शब्दांत निरनिराळ्या तक्रारी लपलेल्या असतात. पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला आपण विचारतो ना, कुठे दुखतंय, वर की खाली? तसंच इथे करायचं. सोपी चाचणी आहे. वही बंद करायला सांगा, मुलाला खिडकीपाशी किंवा व्हरांड्यात घ्या आणि म्हणा, "लिहू नकोस, नुसतं सांग मला."

मूल दोन मिनिटं भरभरून बोललं तर समजा की त्याला सुचतंय. अडचण हातापाशी आहे, लिपीपाशी आहे. मूल बोललंच नाही, खांदे उडवले, "माहीत नाही" म्हणालं, तर अडचण विषयापाशी आहे. आणि एरवी छान बोलणारं, बऱ्यापैकी लिहिणारं मूल तुमच्याकडे न बघता गप्प उभं राहिलं, तर अडचण मनात आहे. या तिन्हींना औषध वेगवेगळं आहे. आपण मात्र सगळ्यांना एकच गोळी देतो, "अरे, थोडा विचार कर!"

हात अडतो तेव्हा

मराठी लिहिणाऱ्या लहान मुलाच्या डोक्यावर किती ओझं असतं ते मोठ्यांना आठवत नाही. 'वीज चमकली' एवढंच लिहायचं आहे. व ला पहिली की दुसरी? दुसरी. बरं, पुढच्या वाक्यात 'विजेचा आवाज' लिहायचाय. आता पहिली! तेच ऊन आणि उन्हात, फूल आणि फुलाला. मुलाला नियम सांगितलेला नसतो, किंवा सांगितलेला असतो पण बसलेला नसतो. तो थांबतो. खोडतो. पुन्हा लिहितो. कागद फाटतो. शेजारच्याला विचारतो. तेवढ्यात वाक्याचा उरलेला अर्धा भाग डोक्यातून निघून गेलेला असतो.

आपल्या डोक्यात हाताशी धरून ठेवायची जागा फार थोडी असते. मानसशास्त्रात तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. मोठ्या माणसाचं अक्षर वळण आपोआप येतं, त्यामुळे ती जागा विचारासाठी मोकळी राहते. चौथीतल्या मुलाची ती सगळी जागा रफार आणि वेलांट्याच खाऊन टाकतात. म्हणजे मूल विचार करत नाही असं आपल्याला दिसतं, प्रत्यक्षात ते फार जास्त विचार करत असतं, पण वेलांटीचा.

याला वर्गात मी जे करते ते असं. पहिल्या लेखनाच्या वेळी खोडरबर दप्तरात जातो. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं. शब्द लिहिता आला नाही तर त्याचं पहिलं अक्षर लिहून पुढे रेघ ओढायची, 'आ____' असं. नंतर विचारता येतं. सुरुवातीला मुलांना हे पटत नाही. वही घाण होईल म्हणतात. त्यासाठी एक वेगळी वही ठेवा, साधी, रफ. पाठकोरे कागद शिवून केलेली असली तरी चालते. तिच्यावर नाव घालायचं 'कच्ची वही'. कच्च्या वहीत चुका मोजायच्या नाहीत हा वर्गाचा कायदा. शिक्षकानेही तो पाळायचा, आणि खरं सांगायचं तर तिथे आपल्यालाच जास्त त्रास होतो. हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

दुसरा उपाय म्हणजे शब्द आधी देऊन ठेवणे. पावसावर लिहायचं असेल तर पाच मिनिटं मुलांकडूनच शब्द काढून घ्या. चिखल, पागोळ्या, छत्री, बेडूक, गळकं छप्पर, ओली चप्पल. ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि तसेच राहू द्या. मुलाला आता 'पागोळ्या' कसं लिहायचं यावर थांबावं लागत नाही. फक्त काळजी एवढीच घ्यायची की शब्द मुलांचे असावेत. आपण 'वर्षाऋतू', 'सृष्टी', 'हिरवा शालू' असे शब्द लिहिले की तीस वह्यांत तीस हिरवे शालू येतात.

पहिली-दुसरीसाठी याच्याही आधीची पायरी आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी १९६३ साली 'टीचर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांची पद्धत अशी की मुलाला विचारायचं, आज तुला कोणता शब्द हवा? मूल जो शब्द मागेल तो जाड कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायचा. तो शब्द त्या मुलाचा. भीतीचे, प्रेमाचे, घरातले शब्द मुलं मागत आणि ते पटकन लक्षात ठेवत. आपल्या पहिलीच्या वर्गात हे सहज होतं. कुणी 'आजी' मागतं, कुणी 'ट्रॅक्टर'. पुढे त्याच पट्ट्या जोडून मूल पहिलं वाक्य लिहितं.

विषयच अडतो तेव्हा

आपले निबंधाचे विषय पिढ्यानपिढ्या तेच आहेत. माझा आवडता ऋतू, माझी आई, माझा आवडता सण, मी पंतप्रधान झालो तर, सूर्य उगवला नाही तर, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त. विषय वाईट नाहीत. पण ते फार रुंद आहेत. 'माझी आई' म्हटल्यावर मुलाने नेमकं काय सांगायचं? आई अख्खी कशी मावणार पंधरा ओळींत? मग मूल सगळ्यांना लागू पडेल असं लिहितं. "माझ्या आईचे नाव अमुक आहे. ती सकाळी लवकर उठते. ती मला खूप आवडते." या आईत आणि शेजारच्या वहीतल्या आईत काही फरक नाही. मुलालाही ते कळतं, म्हणून तीन ओळींनंतर ते थांबतं.

विषय अरुंद करा, बघा काय होतं ते. 'आईचे हात' द्या. 'आई रागावते तेव्हा' द्या. 'आईच्या पिशवीत काय काय असतं' हा विषय द्या. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत मी 'आई शेतातून घरी येते तेव्हा' हा विषय देते. त्या वेळी येणारी वाक्यं कुठल्याच गाईडमध्ये नसतात. बोंडांचे टोक लागून खरचटलेली बोटं, ओढणीत बांधून आणलेल्या शेंगा, आल्याआल्या पाण्याचा तांब्या मागणं. विषय जितका लहान तितकं लिखाण लांब, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती जपून सांगायला हवी. काही वेळा विषय मुलाला टोचतो. एका वर्षी पोळ्याच्या आठवड्यात मी चौथीला 'पोळा' हा विषय दिला होता. एरवी पानभर लिहिणारा एक मुलगा तारीख लिहून बसून राहिला. बाहेर नेऊन विचारलं तरी बोलेना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, खिचडीचं ताट हातात घेऊन, आपणहून म्हणाला, "मॅडम, आमचा बैल नाही ना आता." उन्हाळ्यात त्यांच्या घरचा बैल विकला होता. फळ्यावर मुद्दे होते बैलाला आंघोळ, शिंगांना रंग, अंगावर झूल, गावातून मिरवणूक. या मुद्द्यांवर तो काय लिहिणार होता?

मी त्याला म्हटलं, बैल बांधायचे ती जागा आता कशी दिसते, तेवढंच सांग. तो सांगत गेला. मग म्हटलं, हेच लिही, जितकं जमेल तितकं. त्याने सहा ओळी लिहिल्या. त्याच्या घरच्यांना विचारून त्या इथे देते, फक्त शुद्धलेखन नीट केलं आहे: "आमचा सर्जा विकला. बाबा दोन दिवस बोलले नाही. दावणीजवळ आता आम्ही सरपण ठेवतो. तिथे अजून सर्जाचा वास येतो. पोळ्याला आईने पुरणपोळी केली. एक पोळी मी काकांच्या बैलाला दिली."

त्या आठवड्यातल्या सगळ्या वह्यांत मला हा पोळा सगळ्यात खरा वाटला. मुद्दे बघून तपासला असता तर त्याला दहापैकी दोन गुण मिळाले असते, कारण झूल नाही, मिरवणूक नाही.

म्हणून एक नियम ठेवा. कोणताही विषय एकटा द्यायचा नाही. सोबत दुसरा ठेवायचा. 'माझी आई' बरोबर 'मला घरात सांभाळणारं माणूस'. 'दिवाळीची सुट्टी' बरोबर 'सुट्टीतला एक कंटाळवाणा दिवस'. ऊसतोडीला, वीटभट्टीवर आईवडिलांबरोबर जाऊन आलेल्या मुलाला 'मामाच्या गावची मजा' सांगता येत नाही. पण कोपीवरची थंडी सांगता येते, आणि ती वर्गातल्या दुसऱ्या कुणालाच सांगता येणार नाही.

मन अडतं तेव्हा

आता तिसरी गोष्ट. मूल बोलतं, लिहिता येतं, विषयही माहितीचा आहे, तरी पेन उचलत नाही. इथे बहुतेक वेळा भीती असते. भीती कशाची? चुकण्याची, हसण्याची, आणि आपल्या बोलीची.

खानदेशातलं मूल घरी 'मनी माय वावरमा जास' असं बोलतं. वर्गात त्याला 'माझी आई शेतात जाते' असं लिहायचं असतं. म्हणजे आधी विचार करायचा, मग त्याचं भाषांतर करायचं, मग वेलांट्या बघायच्या. एका वाक्यासाठी तीन कामं! त्यात कधी 'वावर' लिहिलं आणि कुणी हसलं, की ते मूल पुढच्या वेळी लिहायचंच टाळतं. वऱ्हाडात, कोकणात, आदिवासी पाड्यांवर शब्द बदलतील, गोष्ट हीच आहे.

अशा मुलांना मी बहिणाबाई चौधरींबद्दल सांगते. जळगावजवळच्या आसोद्याची ही लेक. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर दळताना, शेतात काम करताना त्या ओव्या रचत आणि म्हणत, तेही घरच्या बोलीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी त्या कागदावर उतरवून घेतल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. आज त्या पाठ्यपुस्तकात आहेत. मुलांचे डोळे मोठे होतात ते एका गोष्टीने. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यावर आपल्याला प्रश्नोत्तरं लिहावी लागतात! मग मी विचारते, त्यांना सुचायचं कसं? उत्तर मुलंच देतात, "त्या म्हणायच्या, मॅडम. लिहायच्या नाही."

तर बोलीचं असं करा. कच्च्या वहीत बोली चालेल, अगदी पूर्ण वाक्य बोलीत चालेल. पक्क्या वहीत उतरवताना प्रमाण मराठी करायची, आणि ते काम मूल एकट्याने नाही, जोडीदाराबरोबर करेल. पण संवाद पक्क्या वहीतही बोलीतच राहू द्या. आजी जे म्हणाली ते आजीच्या शब्दांत. आजी प्रमाण मराठीत बोलायला लागली की निबंधातली आजी खोटी वाटते.

आधी सांगा, मग लिहा

वरच्या तिन्ही अडचणींवर चालणारा एकच उपाय विचाराल तर मी म्हणेन, लिहिण्याआधी सांगायला लावा. 'श्यामची आई' आठवा. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याची प्रकरणं 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी आहेत, एकूण ४२ रात्री. श्याम रोज रात्री मित्रांना आठवण सांगतो आणि ती आपण वाचतो. म्हणजे पुस्तकाचा साचाच सांगण्याचा आहे. त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज लिहायचं, रोज मुलांनी वाचायचं. विचार करा, शाळेचं काम सांभाळून रोजचा अंक! असा रोजचा हात चालत असेल तर कोऱ्या कागदाची भीती राहील कशी?

वर्गात जोड्या करा. एकाने दोन मिनिटं सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे. प्रश्न मी ठरवून देते: मग काय झालं? ते दिसत कसं होतं? तू तेव्हा काय केलंस? 'का' हा प्रश्न लहान मुलांना सुरुवातीला देऊ नका, त्याने ती बचावाच्या पवित्र्यात जातात. सांगून झालं की लगेच लिहायला बसवायचं, मध्ये पाणी प्यायलाही सोडायचं नाही. सांगितलेलं गरम असतं तोवर उतरतं.

एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत हे आणखी सोपं जातं असा माझा अनुभव आहे. चौथीच्या मुलाने सांगायचं आणि दुसरीच्या मुलाने ऐकायचं. दुसरीतलं पोर एवढे प्रश्न विचारतं की सांगणाऱ्याची सुटका नसते.

तीन मिनिटं न थांबता

पीटर एल्बो या अमेरिकन प्राध्यापकाने १९७३ साली एक पुस्तक लिहिलं, त्यात मुक्तलेखनाचा सराव सांगितला आहे. दहा मिनिटं हात थांबवायचा नाही. मागे वळून वाचायचं नाही, खोडायचं नाही. काही सुचलं नाही तर 'सुचत नाही, सुचत नाही' असंच लिहीत राहायचं. तो मोठ्या विद्यार्थ्यांसाठी सांगतो. आपल्या मुलांना दहा मिनिटं जड जातात, तीन पुरतात. परिपाठानंतर लगेच, आठवड्यातून दोनदा.

पहिल्या दिवशी निम्म्या वह्यांत 'मला काही सुचत नाही' हे वाक्य सात-आठ वेळा येईल. येऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलांना त्याच वाक्याचा कंटाळा येतो आणि मध्येच काहीतरी निसटतं. "मला काही सुचत नाही मला काही सुचत नाही मला भूक लागली आज डब्यात शेव आहे." झालं, शेव आली! शेवेवर पुढे लिहिता येतं. ही तीन मिनिटं तपासायची नसतात. ज्याला वाचून दाखवायचं तो दाखवेल, बाकीचे पान दुमडून ठेवतील. मुलांनी दुमडलेलं पान आपण उघडायचं नाही.

पहिल्या वाक्याचं भूत

पुष्कळ मुलं पहिल्याच वाक्यावर अडतात. त्यांना शिकवलेलं असतं की सुरुवात आकर्षक हवी, सुविचाराने किंवा कवितेच्या ओळीने करावी. चौथीतलं मूल कवितेची ओळ कुठून आणणार? वर चार ओळी मोकळ्या सोडायला सांगा आणि थेट मधून सुरू करा. सहलीवर लिहायचंय ना, मग बस बंद पडली तिथून सुरू कर. डबा सांडला तिथून सुरू कर. सुरुवात शेवटी लिही, मोकळ्या चार ओळींत. बऱ्याचदा मुलाला नंतर कळतं की मोकळ्या ओळींची गरजच नव्हती.

तपासताना

तपासणीची पद्धत बदलल्याशिवाय वरचं काहीच टिकत नाही. मूल मनापासून लिहितं, आपण वही परत देतो आणि त्यावर सतरा लाल गोल. मूल काय शिकतं? कमी लिहिलं की गोल कमी.

पहिल्या वाचनात फक्त मजकुराबद्दल एक ओळ लिहा, तीही प्रश्न असावी. "सर्जाचा वास कसा होता?" असा. 'छान', 'प्रयत्न कर', 'अक्षर सुधार' यातून मुलाला पुढचं वाक्य मिळत नाही, प्रश्नातून मिळतं. दुसऱ्या वाचनात एकाच प्रकारची चूक धरा. या आठवड्यात फक्त पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात फक्त अनुस्वार. बाकीच्या चुका दिसतील, जीव तळमळेल, सोडून द्या. त्या पळून जात नाहीत.

पट मोठा असेल तर रोज सात-आठच वह्या घ्या. पन्नास वह्या एका रात्रीत तपासणारा शिक्षक शेवटच्या वीस वह्या वाचत नाही, हे आपण सगळे जाणतो.

परीक्षेत अडलं तर

परीक्षेत व्हरांड्यात नेऊन बोलायला लावता येत नाही. तिथे मुलाला एक छोटी सवय असू द्या. विषय निवडला की उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर पेन्सिलीने पाच शब्द लिहायचे: एक दिसणारं, एक ऐकू येणारं, एक वासाचं, एक माणूस, एक गडबड. जत्रेचा विषय असेल तर पाळणा, पिपाणी, भजी, आजोबा, हरवलेली चप्पल. एकेका शब्दावर तीन वाक्यं केली तरी पंधरा होतात. अडलंच तर ती जागा सोडून पुढच्या शब्दावर जायचं, किंवा व्याकरणाचा प्रश्न सोडवून परत यायचं. पाठ केलेल्या निबंधाची पंचाईत अशी होते की मधलं एक वाक्य विसरलं की सगळी साखळी तुटते. पाच शब्दांचं तसं होत नाही.

पालकांनी घरी काय करावं

फार काही नाही. निबंध सांगून लिहवून घेऊ नका आणि मोबाईलवरून शोधून देऊ नका. नमुना निबंध वाचायला हरकत नाही, पण वाचून तो बंद करायचा आणि दुसऱ्या दिवशी लिहायचं. भाकरी थापताना, गोठ्यात, दुकानात मुलाला विचारा, आज शाळेत काय झालं? "काही नाही" म्हणालं तर विचारा, आज कोण रडलं? कोण पडलं? खिचडीत काय होतं? मग बोलतं. किराणा मालाची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. मुंबईला, सुरतला कामाला गेलेल्या काकाला दोन ओळींचा निरोप फोनवर त्यालाच टाइप करू द्या. यादी आणि निरोप हेही लेखनच आहे, आणि त्यात कुणी गुण देत नाही.

तिसरी ते पाचवीसाठी या महिन्यात वापरता येतील असे काही विषय खाली देते. दोन-दोन एकत्र द्या, मूल निवडेल:

आमच्या घराचं दार / आमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू
वीज गेली तेव्हा / पहाटे ऐकू येणारे आवाज
माझ्या अंगावरची एक खूण आणि तिची गोष्ट / मी लपून केलेलं एक काम
आमच्या शाळेतला नळ / शाळा सुटल्यावरची वाट
आजीचं एक वाक्य / घरातल्या कुणाचा तरी राग
मला न आवडलेला सण / मी कुणाला तरी दिलेली एक वस्तू